फेसावर चढणारें खनिज व न निवळणारा गाळ

द्राक्षांच्या बागाईतदारास मोरचुदाची गरज पडते, ऊस व कपाशी करणारास सुपरफॉस्फेट लागतें, आणि केळीपासून बटाट्यापर्यंत अनेक पिकांस म्युरिएट ऑफ पोटॅश द्यावें लागतें. हे तिन्ही पदार्थ आपल्याकडे पोत्यांत भरून येतात. आपण भाव विचारतों, पावती घेतों आणि पोतें गाडींत टाकतों. परंतु खाणींतून निघणाऱ्या दगडांत तांबें शंभर भागांत एखादाच भाग असतें, पोटॅश मिठांत मिसळलेलें असतें आणि फॉस्फेट वाळूचिखलांत लपलेलें असतें. ह्या मिश्रणांतून हवा तेवढा माल निवडून काढण्याची जी मुख्य रीत आज जगभर चालते, ती वजनावर किंवा आकारावर अवलंबून नसून कणाच्या केवळ पृष्ठभागावर अवलंबून आहे. ह्या रीतीची माहिती आमच्या वाचकांस करून द्यावी असें आम्हीं पुष्कळ दिवस योजिलें होतें. खाणवाल्यांस जो गाळ निवळतां निवळत नाहीं, त्याच जातीचा गाळ कालव्याखालच्या आमच्या चोपण जमिनींत शेतकऱ्याच्या मुळावर आला आहे, आणि दोहोंचा उपाय एकाच शास्त्रांतून निघतो.

आपण धान्य निवडतों तें वजनानें किंवा आकारानें. खळ्यावर उफणलें म्हणजे भूस दूर उडतें व दाणा जवळ पडतो. चाळणीनें बारीक व जाड वेगळें होतें. खाणींतहि शेंकडों वर्षें हेंच चालत असे. धातुक कुटून पाण्याच्या प्रवाहांत धुवावें, जड असेल तें खालीं बसतें, हलकें वाहून जातें. सोनें, कथील, शिसें ह्यांस ही रीत चांगली लागू पडे. पण जेथें दोन पदार्थांचें वजन जवळजवळ सारखें, तेथें ती लंगडी पडते. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतीं ब्रोकन हिल म्हणून एक खाणींचें गांव आहे. १८८३ सालीं तेथें शिसें, रुपें व जस्त ह्यांचा मोठा साठा सांपडला. तेथील शिशाचें धातुक पाण्याच्या साडेसात पट जड, म्हणून तें धुऊन सहज निघे. जस्ताचें धातुक सुमारें चौपट जड, आणि त्यासोबतचा निरुपयोगी दगड साडेतीन पट. ह्या दोहोंची फारकत कांहीं होईना. जस्तानें भरलेल्या चुऱ्याचे लाखो टनांचे ढिगारे गांवाभोवतीं साचले आणि धनी त्यांकडे पाहत बसले.

ह्या ढिगाऱ्यांचा प्रश्न फेसानें सोडविला. १९०१ ते १९०३ च्या सुमारास मेलबर्न येथील पॉटर नांवाच्या एका दारूभट्टीवाल्यानें व खाणीचे व्यवस्थापक डेलप्रा ह्यांनीं असें दाखविलें कीं, तो चुरा ऊन व आम्लयुक्त पाण्यांत टाकला तर वायूचे बुडबुडे सुटतात व ते जस्ताच्या कणांस चिकटून त्यांस वर आणतात. दगडाचे कण मात्र खालींच राहतात. पुढें १९०५ सालीं लंडनच्या एका मंडळीनें अगदीं थोडें तेल घालून व चुरा जोरानें घुसळून हवेच्या बुडबुड्यांवर तेंच काम करून घेतलें. त्यापूर्वीं १८८६ सालीं अमेरिकेंतील कॅरी एव्हरसन ह्या बाईंनीं तेल व आम्ल ह्यांच्या साहाय्यानें धातुक वेगळें करण्याचें पेटंट घेतलें होतें. त्या शिक्षिका होत्या व तेलकट पोतीं धुतांना त्यांस हा शोध अकस्मात् लागला अशी एक गोष्ट छापून येत असते. ती खरी नाहीं. त्या एका डॉक्टरांच्या पत्नी होत्या आणि हा शोध त्यांनीं प्रयोग करकरून लावला होता. बाईच्या हातून शोध लागला म्हणजे तो धुणें धुतांनाच लागला असला पाहिजे, असें मानणारे लोक सर्व देशांत सारखेच.

आतां यांतील मर्म पाहूं. अळवाच्या पानावर पाणी टाकलें तर तें मोत्यासारखें गोळा होऊन घरंगळतें; केळीच्या सालपटाच्या आंतल्या बाजूवर तें पसरतें. पहिल्या पृष्ठभागास पाण्याचा तिटकारा, दुसऱ्यास पाण्याची आवड. पाण्यांत बुडविलेल्या ज्या कणास पाण्याचा तिटकारा आहे, त्यास हवेचा बुडबुडा भेटला कीं तो कण पाणी सोडून हवेस चिकटतो. ज्यास पाण्याची आवड आहे, त्याच्या अंगावरून बुडबुडा नुसता सरकून जातो. येथें वजनाचा प्रश्न गौण होतो. साडेसात पट जड असें शिशाचें धातुक फेसावर चढतें आणि हलकी वाळू तळाशीं बसते. खळ्यावर उफणणाऱ्यास हें उलटें वाटेल.

मात्र बहुतेक खनिजांस निसर्गतः पाण्याची आवडच असते. त्यांपैकीं हव्या त्याच खनिजाच्या अंगावर अळवाच्या पानाचा गुण चढविणें, हेंच सारें कौशल्य आहे. त्यासाठीं जीं द्रव्यें वापरतात त्यांच्या रेणूचें एक टोंक खनिजास धरतें व दुसरें टोंक तेलासारख्या लांब शेपटीचें असतें. असे रेणु कणाच्या अंगावर उभे राहिले कीं बाहेरून तो कण तेलकट दिसूं लागतो. तांबें, शिसें व जस्त ह्यांच्या गंधकयुक्त खनिजांकरितां १९२५ सालीं केलर ह्यानें झँथेट नांवाचें द्रव्य पुढें आणलें. तें मद्यार्क, कॉस्टिक आणि कार्बन बायसल्फाइड ह्यांपासून करतात. ह्यांतील शेवटला पदार्थ धान्याच्या कोठारांतील कीड मारण्याकरितां एके काळीं वापरीत असत, हें जुन्या वाचकांस आठवत असेल. एक टन दगडास झँथेट किती लागावें? बहुधा पन्नास-शंभर ग्रॅम पुरतें. एवढ्या थोडक्यांत भागतें, कारण कणाच्या अंगावर रेणूंचा एकेरी किंवा त्याहूनहि विरळ थर बसला तरी काम होतें.

तांब्याच्या गिरणींत चुना व मोरचूद हे दोन ओळखीचे पदार्थ पाहून बागाईतदारास नवल वाटेल. धातुकांत लोखंडाचें गंधकयुक्त खनिज असलें तर तेंहि फेसावर चढूं पाहतें. चुना घालून पाणी अल्कयुक्त केलें म्हणजे तें खालीं दबतें व तांबें एकटें वर येतें. उलट जस्ताचें खनिज झँथेटास सहसा धरीत नाहीं. त्यास मोरचुदाचें पाणी पाजलें कीं पृष्ठभागावरील जस्ताची जागा तांबें घेतें, कणास तांब्याचें कातडें चढतें आणि झँथेट फसून त्यास धरतें. ज्या दोन वस्तूंचें बोर्डो मिश्रण आपण वेलींवर फवारतों, त्याच दोन तेथें एका खनिजास दाबण्याकरितां व दुसऱ्यास उठविण्याकरितां लागतात. गोंदियापासून फार दूर नसलेल्या, मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्ह्याच्या मलाजखंड येथील तांब्याच्या खाणीवर हीच फेसाची रीत चालते.

फेस कसा टिकवावा व कसा मोडावा, हें आपल्या गुळव्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. काहिलींत रस तापूं लागला कीं तो भेंडीचा चिकट रस घालतो. त्यांत बारीक मळ गुंतून मळी वर येते आणि ती तो झाऱ्यानें काढून टाकतो. पुढें पाक उतूं जाऊं लागला कीं तेलाचे चार थेंब टाकतो व फेस बसतो. गुऱ्हाळांत वर येतें तें टाकाऊ व खालीं राहतें तें मोलाचें; खनिजांच्या गिरणींत बहुधा ह्याच्या उलट. तत्त्व मात्र तेंच.

पोटॅशची गोष्ट आपल्यास अधिक जवळची आहे. भारतांत वापरलें जाणारें म्युरिएट ऑफ पोटॅश जवळजवळ सर्व परदेशांतून येतें व त्यांतील मोठा वांटा कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतांतील जमिनीखालच्या खाणींचा असतो. तेथील दगडांत पोटॅश, साधें मीठ व थोडी चिकणमाती हीं एकत्र असतात. पोटॅश व मीठ दोन्ही पाण्यांत विरघळतात, मग पाण्यांत निवडावयाचें कसें? युक्ति अशी कीं, पाणी आधींच ह्या दोन्ही क्षारांनीं इतकें भरून ठेवतात कीं त्यांत आणखी कांहीं विरघळूंच नये. अशा संपृक्त पाण्यांत चरबीपासून केलेलें अमीन नांवाचें द्रव्य घालतात. तें पोटॅशच्या कणांस धरतें, मिठास धरीत नाहीं, आणि पोटॅश फेसावर निघून येतें.

येथें अडचण करते ती चिकणमाती. ती इतकी सूक्ष्म, कीं वजनानें थोडी असली तरी तिचा पृष्ठभाग अफाट असतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे सहस्रांश मिलिमीटर बाजूचे घन केले तर एकंदर पृष्ठभाग सहा चौरस मीटर, म्हणजे एका लहानशा खोलीच्या तळाएवढा होतो. शिवाय कांहीं चिकणमातींचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे असतात व त्या थरांच्या मध्येंहि द्रव्य शिरतें. महाग अमीन ही माती गिळून टाकते व पोटॅशला कांहीं उरत नाहीं. तेव्हां शक्य तितकी माती आधीं धुऊन काढतात, आणि उरलेलीच्या अंगावर दुसरें स्वस्त द्रव्य चढवून तिचें तोंड बंद करतात. तें द्रव्य म्हणजे पुष्कळ ठिकाणीं गवारीच्या बियांचा डिंक! गवार जगांत सर्वांत जास्त आपल्याच देशांत, मुख्यतः राजस्थानांत, पिकते. राजस्थानच्या रेतींत पिकलेलें बीं समुद्रापलीकडच्या खाणींत पोटॅश निवडण्याच्या कामीं येतें आणि तें पोटॅश आपण पुन्हां विकत घेतों. व्यापाराच्या ह्या वळणाकडे गवार पिकविणारांनीं लक्ष ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

फॉस्फेटच्या खडकास झँथेट चालत नाहीं. त्यास साबणाच्या जातीचीं स्निग्धाम्लें लागतात. जड पाण्यांत साबणाचा फेस होत नाहीं व दह्यासारखा साका धरतो, कारण त्या पाण्यांतील कॅल्शियम साबणास पकडतें. फॉस्फेटच्या कणावरहि कॅल्शियम असतें, म्हणून स्निग्धाम्ल त्यास जाऊन बिलगतें व वाळूस सोडून देतें. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत ह्याप्रमाणें फॉस्फेट प्रथम फेसावर घेतात, मग गंधकाच्या तेजाबानें त्याच्या अंगावरचें तेल धुऊन काढतात आणि चुकून आलेली वाळू अमीनानें पुन्हां वेगळी करतात. आपल्याकडे उदयपूरजवळच्या झामरकोटडा येथील खडकांत मात्र फॉस्फेटच्या सोबतीस डोलोमाइट आहे. त्यांतहि कॅल्शियम! मग स्निग्धाम्लास दोन्ही सारखेच प्रिय. असल्या खडकांत आम्ल घालून फॉस्फेटला खालीं दाबणें व डोलोमाइट वर काढणें, अशी उलटी चाल चालावी लागते. ही खटपट न करावी तर डोलोमाइट खत बनवितांना तेजाब फुकट खातें. हलक्या प्रतीचा देशी खडक सुपरफॉस्फेटच्या कारखान्यास का परवडत नाहीं, ह्याचें एक मोठें कारण हेंच आहे.

आतां गाळाकडे वळूं. फ्लॉरिडांत खणून काढलेल्या मालांत फॉस्फेट, वाळू व चिकणमाती ह्यांचे ढोबळ मानानें तीन सारखे भाग असतात. चिकणमाती धुऊन निघते ती पातळ राबडीच्या रूपानें मोठमोठ्या तळ्यांत सोडतात. वर्षें लोटलीं तरी त्या तळ्यांत घन भागापेक्षां पाणीच जास्त राहतें. आपल्याकडे गोव्यांत लोखंडाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवरून व तळ्यांतून पावसाबरोबर आलेली तांबडी माती भातशेतांत व ओढ्यांत बसल्याच्या तक्रारी डिचोली, सत्तरी, सांगे ह्या भागांतील शेतकऱ्यांनीं वर्षानुवर्षें केल्या आहेत. हा गाळ जेथें पडेल तेथें बसत नाहीं, आणि जेथें बसावयास नको तेथें जाऊन बसतो.

तो निवळत का नाहीं? एक तर कण फार बारीक. दोन शतांश मिलिमीटरचा वाळूचा कण दहा सेंटिमीटर खालीं जाण्यास पांच मिनिटेंहि घेत नाहीं. दोन सहस्रांश मिलिमीटरचा सुमारें आठ तास घेतो. आणि त्याच्याहि दशांश कणास महिना लागेल. दुसरें असें कीं, चिकणमातीच्या प्रत्येक कणावर ऋण विद्युत्भार असतो. सर्वांवर सारखा भार असल्यामुळें ते एकमेकांस दूर लोटतात आणि जमून मोठे होत नाहींत. अशा अधांतरी मिश्रणास शास्त्रज्ञ कलिल म्हणतात.

कण जमवावयाचे तर त्यांचा भार झांकला पाहिजे. तें काम पाण्यांतील उलट भाराचे आयन करतात, पण सर्व सारखें करीत नाहींत. सोडियमवर एक भार, कॅल्शियमवर दोन, ॲल्युमिनियमवर तीन. आणि गोठविण्याची शक्ति ह्या क्रमानें दुप्पट-तिप्पट न वाढतां कित्येक पटींनीं वाढते. शुल्झ ह्यानें १८८२ सालीं व हार्डी ह्यानें १९०० सालीं हा नियम प्रयोगानें दाखविला. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली कीं तें निवळतें तें ॲल्युमिनियममुळें. निवळीची बी माठाच्या आंतून घासण्याची आपली जुनी चाल दुसऱ्या प्रकारची आहे. तिच्यांतील चिकट द्रव्याचे लांब धागे अनेक कणांस एकत्र बांधतात. खाणींतून आज कृत्रिम लांब रेणूंचीं द्रव्यें ह्याच कामास वापरतात. निवळीचें तत्त्व त्यांत पूर्ण उतरलें आहे.

हे आयन मातीवर नुसते चिकटत नाहींत, अदलाबदलहि करतात. हें प्रथम एका शेतकरी जमीनदारानें पाहिलें, ही गोष्ट आमच्या वाचकांस अभिमानाची वाटेल. यॉर्कशायरमधील एच. एस. टॉमसन ह्यांस शेणखतांतील अमोनिया पावसानें वाहून जातो कीं काय ही चिंता होती. १८४५ च्या सुमारास त्यांनीं मातीच्या थरावर अमोनियम सल्फेटचें पाणी ओतलें. खालीं गळून आलें तें जिप्समचें पाणी. मातीनें अमोनिया ठेवून घेऊन बदल्यांत कॅल्शियम दिलें होतें. १८५० सालीं हे प्रयोग इंग्लंडच्या राजमान्य शेतकी सभेच्या मासिकांत छापले गेले व वे नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें ते पुढें नेले.

हीच अदलाबदल उलट दिशेनें झाली म्हणजे चोपण जमीन होते. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ सालीं सुरू झालें आणि पुढें कांहीं वर्षांतच खोऱ्यांतील सखल जमिनी बिघडूं लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनीं केलेली तेथील खारवट जमिनींची पाहणी १९१० सालीं प्रसिद्ध झाली. काळ्या जमिनींतील चिकणमाती पोटॅशच्या गिरणीस त्रास देणाऱ्या मातीच्याच जातीची, थरांची व फुगणारी आहे. निचरा नसतां पाणी वर येतें, वाफ होऊन जातें आणि सोडियमचे क्षार मागें ठेवतें. सोडियमनें कॅल्शियमची जागा घेतली कीं मातीचे कण जमून राहत नाहींत. ओल लागतांच ते सुटे होऊन छिद्रें बुजवितात. मग पाणी मुरत नाहीं, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखें होतें आणि उसाचें मूळ गुदमरतें.

येथें एक धोका सांगितला पाहिजे, कारण त्यांत अनेकांचे पैसे गेले आहेत. पांढरा क्षार फुललेली जमीन पुष्कळदां भुसभुशीत असते. विपुल क्षारामुळेंच तिचे कण जमून राहिलेले असतात. ती नुसत्या गोड्या पाण्यानें धुतली तर क्षार निघून जातो, पण मातीस चिकटलेलें सोडियम तसेंच राहतें, आणि खारी जमीन चोपण होऊन बसते. म्हणून धुण्यापूर्वीं पारख करावी. पेल्यांत पावसाचें स्वच्छ पाणी घ्यावें. विहिरीचें नको, त्यांतील क्षार खरी स्थिति झांकतो. त्यांत हरभऱ्याएवढें वाळलेलें ढेकूळ अलगद सोडावें व न हलवितां दोन तासांनीं, मग दुसऱ्या दिवशीं पाहावें. ढेकूळ नुसतें फुटलें व पाणी स्वच्छ राहिलें तर भीति थोडी. त्याभोवतीं दुधासारखें गढूळ वलय पसरलें तर जमीन चोपण झाली आहे असें समजावें. तसल्याच गढूळ पाण्यांत चिमूटभर जिप्सम ढवळून ठेवावें. तें निवळूं लागेल. ह्या कसोटीनें रोग कळतो, औषधाचें माप कळत नाहीं. त्यासाठीं माती प्रयोगशाळेंत पाठवावी.

अहवालांत बदलण्याजोगें सोडियम शंभर ग्रॅम मातीमागें इतके मिलिइक्विव्हॅलंट असें लिहिलेलें असतें. त्यांपैकीं एक घालविण्यास, एकरी वरच्या पंधरा सेंटिमीटर थरापुरतें, सुमारें पाऊण टन शुद्ध जिप्सम लागतें. फॉस्फरिक आम्लाच्या कारखान्यांतून निघणारें फॉस्फोजिप्समहि ह्या कामीं चालतें. फॉस्फेटच्या खडकाचाच तो दुसरा भाग होय. दख्खनच्या पुष्कळ जमिनींत चुनखडी आधींच भरपूर असते, पण ती विरघळत नाहीं. तेथें गंधक टाकलें किंवा धैंच्याचें हिरवें खत गाडलें तर जमिनींत आम्ल उत्पन्न होऊन त्या चुनखडींतलेंच कॅल्शियम मोकळें होतें. मात्र त्यास वेळ लागतो.

सर्वांत आधीं चर काढावे. सुटलेलें सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेलें नाहीं तर जिप्समवर घातलेला पैसा वायां जाईल. मग जमीन सपाट करून बांध घालावे, बारीक दळलेलें जिप्सम उन्हाळ्याच्या अखेरीस वरच्या थरांत मिसळावें, खोल नांगरून गाडूं नये, आणि पावसाचें पाणी शेतांत तुंबवून मुरूं द्यावें. जिप्सम लिटरमागें दोन-अडीच ग्रॅमच विरघळतें, म्हणून एका पावसाळ्यांत सर्व काम होईल अशी अपेक्षा ठेवूं नये. चरांतून येणारें पाणी अधूनमधून बाटलींत धरून पाहावें. जमीन पाणी सोडूं लागली, आणि तें पाणी स्वच्छ व चवीस खारट येऊं लागलें, कीं अदलाबदल सुरू झाली. पहिल्या वर्षीं धैंचा करावा व फुलावर येतांच गाडावा. उसाची लागण त्या शेतांत लगेच करूं नये.